चौक तुंबला की धंदाही तुंबतो

शहरातील रहदारीचा प्रश्न निघाला की चर्चा होते ती मोटारवाल्यांच्या त्रासाची. कचेरीला उशीर झाला, गाडी चुकली, रुग्णवाहिका अडकली, असे मुद्दे वर्तमानपत्रांतून येतात आणि ते खरेही आहेत. परंतु ज्या चौकात ही कोंडी होते, त्या चौकाच्या चारही बाजूंना दुकाने आहेत, गाळे आहेत, वरच्या मजल्यांवर छोटे कारखाने व बिऱ्हाडे आहेत, याचा विचार क्वचितच होतो. मोटारवाला पंधरा-वीस मिनिटे कुरकुर करतो आणि निघून जातो. दुकानदार, त्याचा नोकर, हमाल, फेरीवाला आणि दुकानाच्या फळीवर बसून काम करणारा कारागीर मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच धुरात बसलेला असतो. म्हणून चौकातील कोंडी हा आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या धंद्याचा आणि प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार व्यापाराच्या पानावरच व्हावा असे आम्हास वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बाजारपेठेतील चौकाची कोंडी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त व लवकर फळ देणारा उपाय म्हणजे माल केव्हा आणि कोठे उतरवायचा याला शिस्त लावणे. ही शिस्त बऱ्याच अंशी व्यापाऱ्यांच्या हाती आहे. ती त्यांनी आपसांत बसून लावली नाही, तर उद्या दुसरे कोणी लावील; आणि तेव्हा बाजाराची सोय पाहिली जाईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पूल वरून गेला, चौक खालीच राहिला

मुंबईचा मोहम्मद अली रोड घेऊ. क्रॉफर्ड मार्केटपासून पायधुणी, भेंडी बाजार ओलांडून जे. जे. रुग्णालयापर्यंतचा हा पट्टा. एका बाजूस मंगलदास मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट, नागदेवी. दुसऱ्या बाजूस मस्जिद बंदर. पुढे नळ बाजार आणि चोर बाजार. कापड, सुकामेवा, अत्तर, हार्डवेअर, मशीनचे सुटे भाग, भांडी, चामड्याच्या वस्तू, छपाईचा कागद अशा कितीतरी मालाची उलाढाल या पट्ट्यात व त्याला लागलेल्या गल्ल्यांतून होते.

या रस्त्यावरची कोंडी फोडण्यासाठी जे. जे. उड्डाणपूल बांधण्यात आला. मुंबईत पन्नासएक उड्डाणपूल बांधण्याची जी योजना १९९०च्या दशकात आखली गेली, त्यांतलाच हा एक. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा हा पूल २००२ साली खुला झाला आणि त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव देण्यात आले. भायखळ्याकडून बोरीबंदरकडे जाणाऱ्या मोटारी वरून काही मिनिटांत निघून जाऊ लागल्या. ज्यांना या बाजारात काही काम नव्हते, त्यांचा फायदा निःसंशय झाला.

परंतु ज्यांचे काम बाजारातच होते ते खालीच राहिले. टेम्पो खाली राहिला, हातगाडी खाली राहिली, बेस्टची बस खाली राहिली, टॅक्सी आणि गिऱ्हाईक खाली राहिले. २०१० साली अपघातांमुळे पुलावर दुचाकींना बंदी झाली, तेव्हा तीही खाली आली. पुलाच्या खांबांनी रस्त्याचा मधला भाग घेतला. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्यांसमोरून वाहने धावू लागली आणि खालच्या रस्त्यावर छप्पर आल्यासारखे झाले. धूर जिथे पूर्वी वर जाऊन विरत असे, तिथे आता तो इमारती आणि पूल यांच्यामध्ये घुटमळतो.

पूल बांधणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. पुलाचे काम वेगळे आणि चौकाचे दुखणे वेगळे, एवढेच आम्हास दाखवायचे आहे. पूल पुढे जाणाऱ्याची सोय करतो. जो याच चौकात थांबणार आहे, माल उतरवणार आहे, खरेदी करणार आहे, त्याच्यासाठी पुलाचा उपयोग नाही. बाजारपेठेच्या चौकात मुख्य भरणा याच मंडळींचा असतो.

एका टेम्पोचा हिशेब

कोंडी कशी होते हे व्यापाऱ्याला हिशेबाने सांगितलेले बरे. सिग्नल हिरवा झाल्यावर रस्त्याच्या एका रांगेतून साधारण दोन सेकंदांना एक मोटार चौक पार करते. हिरवा दिवा चाळीस सेकंदांचा असेल तर एका रांगेतून वीस आणि दोन रांगांतून चाळीस गाड्या निघतात. आता चौकाच्या अगदी तोंडाशी, सिग्नलच्या रेषेजवळ, एक टेम्पो माल उतरवण्यासाठी उभा राहिला असे समजा. एक रांग बंद झाली. चाळीसच्या जागी वीसच गाड्या निघू लागल्या. टेम्पो वीस मिनिटे थांबला आणि सिग्नलचा फेरा दोन मिनिटांचा असला, तर दहा फेऱ्यांत दोनशे गाड्या मागे राहिल्या. टेम्पो निघून गेला तरी त्या दोनशे गाड्यांची रांग लगेच संपत नाही. ती मागच्या चौकापर्यंत पोहोचते, तिथला रस्ता अडवते आणि मग त्या चौकात कोणी टेम्पो उभा केलेला नसतानाही कोंडी होते.

हाच टेम्पो चौकापासून शंभर पावले मागे, कडेला, आखून दिलेल्या जागेत उभा राहिला असता तर नुकसान फारच थोडे झाले असते. याचे कारण साधे आहे. रस्ता मध्ये कितीही रुंद असला तरी त्यातून वाहने तितकीच जातात जितकी चौकाच्या तोंडातून निघतात. बाटलीचे पोट मोठे असून उपयोग नसतो, पाणी गळ्यातूनच बाहेर पडते. चौकाचे तोंड हा रस्त्याचा गळा आहे.

दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोंडी जाण्यासाठी सारी वाहने हटवावी लागत नाहीत. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे २००६ साली शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर कर बसविण्याचा प्रयोग झाला आणि २००७ पासून तो कायम झाला. तेथे वाहनांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटली, पण रांगेत वाया जाणारा वेळ त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात कमी झाला. आमच्या बाजारपेठांवर असा कर बसवावा असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. थोडासा भार कमी झाला की गळा मोकळा होतो, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा आहे. मुंबईत, पुण्यात, मालेगावच्या मोसम पुलावर किंवा भिवंडीच्या कल्याण नाक्यावर हे गणित वेगळे असू शकत नाही.

धूर कोणाच्या छातीत जातो

वाहन सरळ एका वेगाने चालते तेव्हा ते कमी इंधन जाळते. थांबणे, पुन्हा उचल घेणे, चार हात जाऊन ब्रेक मारणे, यात इंधन अधिक जळते आणि धूरही अधिक निघतो. चौकात नेमके हेच चालते. शिवाय ब्रेकच्या पट्ट्या व टायर झिजून बारीक भुकटी उडते ती वेगळीच. म्हणून त्याच रस्त्यावर मध्यभागी जी हवा असते, तिच्याहून चौकातली हवा खराब असते.

डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करू शकतो, असा स्पष्ट निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. हवेतील अतिसूक्ष्म कणांबाबत आपल्या देशाने २००९ साली जी मर्यादा घातली, ती वर्षाच्या सरासरीने दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली शिफारस ५ मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे आपल्याकडे हवा सरकारी मापाने चांगली ठरली तरी ती त्या शिफारशीच्या आठ पट खराब असू शकते.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. शिसे मिसळलेले पेट्रोल देशात २००० सालापासून बंद झाले. मुंबईच्या टॅक्सी आणि रिक्षा न्यायालयाच्या आदेशांमुळे सीएनजीवर आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत-सहा दर्जाचे इंधन आले आणि त्यातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरले. एकेक गाडी पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ झाली, पण गाड्यांची संख्या त्याहून वेगाने वाढली आणि त्या एकाच जागी उभ्या राहू लागल्या. इंजिन कितीही सुधारले तरी उभ्या गाडीचा धूर हा निव्वळ तोटा आहे. त्यातून ना माल पुढे जातो, ना माणूस.

हा धूर दिवसाचे दहा-बारा तास घेणारा कोण, तर चौकातला दुकानदार आणि कारागीर. घड्याळे दुरुस्त करणारा, चाव्या बनवणारा, शिवणकाम करणारा, रफू करणारा, फळविक्रेता. त्यांच्यापैकी बहुतेकांना पगारी रजा नाही. खोकला वाढला, दमा जडला तर त्या दिवसाची रोजी जाते आणि डॉक्टरचे पैसे वर जातात. चौकातल्या कोंडीची किंमत अशी घराघरांतून वसूल होत असते, पण कोणाच्या वहीत ती लिहिली जात नाही.

धंद्याच्या वहीतला तोटा

वहीत न दिसणारा आणखी एक तोटा आहे. टेम्पो दिवसात चार फेऱ्या करू शकत असेल आणि कोंडीमुळे दोनच होत असतील, तर दोन फेऱ्यांचे भाडे चार फेऱ्यांइतके आकारले जाते. ते व्यापाऱ्याकडून गिऱ्हाइकाकडे जाते आणि गिऱ्हाईक दुसरा बाजार शोधते. चालू इंजिन ठेवून उभा असलेला लहान डिझेल टेम्पो ताशी सुमारे अर्धा लिटर डिझेल जाळतो. दिवसाकाठी चाळीस मिनिटे तो असा उभा राहिला, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत शंभर लिटर डिझेल फुकट गेले. लिटरला ९० रुपये धरले तरी ते नऊ हजार रुपये होतात. ही एका टेम्पोची गोष्ट झाली.

वरकड खर्च वेगळा. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा दंड आता यंत्रावरून थेट मालकाच्या मोबाईलवर येतो. टोइंगवाल्याने गाडी नेली तर अर्धा दिवस जातो. आणि चौकात उभ्या असलेल्या माणसाची मर्जी सांभाळण्यासाठी जी चिरीमिरी जाते, तिची पावती नसते. जो माल उजळ माथ्याने, ठरल्या वेळी, ठरल्या जागी उतरला असता, त्याच्यासाठी रोज लपवाछपवी करावी लागते. हलाल रोजी कमावणाऱ्या माणसाला ही गोष्ट शोभणारी नाही आणि परवडणारीही नाही.

‘आम्हालाच का सांगता?’

येथे आमचे काही बांधव विचारतील की सारा दोष व्यापाऱ्यांच्या माथी का? प्रश्न रास्त आहे. एकेका माणसाची एकेक मोटार रस्ता खाते. रस्ते वर्षातून दोनदा खोदले जातात. फूटपाथ मोडलेले असतात म्हणून माणसे रस्त्यावरून चालतात. सिग्नलची वेळ बाजाराच्या गर्दीप्रमाणे बदलत नाही. मोठ्या ट्रकांना गर्दीच्या वेळी शहरात प्रवेश नसतो, म्हणून एका ट्रकचा माल पाच-सहा ‘छोट्या हत्तीं’तून आणावा लागतो आणि माल उतरवण्यासाठी जागा कोठेच आखून दिलेली नसते. ही सारी जबाबदारी महापालिकेची आणि वाहतूक पोलिसांची आहे, व ती त्यांच्याकडून वसूल केलीच पाहिजे.

परंतु मागणाऱ्याने आपला हिस्सा आधी उचलला तर त्याच्या मागणीला वजन येते. रस्त्याचा हक्क ही कल्पना आपणास नवीन नाही. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हे पुण्याचे काम आहे, हे लहान मुलांनाही शिकविले जाते. इमाम गझाली यांचे निधन ५०५ हिजरी, म्हणजे इ.स. ११११ मध्ये झाले. त्यांनी आपल्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात रस्त्यांवरील गैरप्रकारांचा स्वतंत्र विचार केला आहे. रस्ता अरुंद होईल अशा रीतीने जनावर बांधून ठेवणे त्यांनी चूक ठरविले. मात्र चढण्या-उतरण्यापुरते थांबायला हरकत घेतली नाही. लाकडाचे किंवा धान्याचे ओझे घरात नेण्यापुरता वेळ रस्त्यात ठेवण्यासही त्यांनी मुभा दिली, कारण ती गरज सर्वांचीच आहे. गरजेपुरते थांबणे आणि रस्ता आपलाच समजणे, यातील हा फरक नऊशे वर्षांपूर्वी बाजाराला माहीत होता. जनावराच्या जागी टेम्पो आला, एवढेच.

वेळ कोणती?

माल उतरवण्याची वेळ बदलावी असे म्हटले की पहिला विचार रात्रीचा येतो. रात्री रस्ता मोकळा असतो हे खरे, पण आमच्या बाजारांत दुकानांच्या वर माणसे राहतात. रात्री अकरानंतर लोखंडाचे पाइप किंवा मशीनचे भाग उतरू लागले तर कोणाला झोप लागणार? ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतही रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ मानली आहे. हमालांचा प्रश्न तर त्याहून मोठा. १९६९च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातल्या हमालांना काही हक्क मिळवून दिले. त्यांना विश्वासात न घेता, जादा मजुरी न देता रात्रपाळी लादणे हा अन्याय होईल.

म्हणून आम्हास सकाळची वेळ अधिक योग्य वाटते. या बाजारांतील बहुतेक दुकाने दहा-अकराच्या सुमारास उघडतात. भिवंडीच्या गोदामांतून निघालेला माल पहाटेच शहरात पोहोचू शकतो. सकाळी सात ते साडेदहा या वेळात माल उतरला तर चौकात गिऱ्हाईक नसते आणि रहदारीही चढलेली नसते. त्यानंतर दुपारी दोन ते चार या मंदीच्या वेळात दुसरा हप्ता ठेवता येईल. संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात मात्र चौकाच्या तोंडाशी एकही गाडी माल उतरवण्यासाठी उभी राहू नये, असा नियम बाजाराने स्वतःलाच घालून घ्यावा.

यासाठी दुकान सकाळी उघडण्याची गरज नाही. माल ताब्यात घेणारा एक विश्वासू माणूस हवा. प्रत्येक दुकानाला तो परवडणार नाही, म्हणून दहा-पंधरा दुकानांनी मिळून एक माणूस नेमावा. तो बिल्टी तपासून, नग मोजून माल घेईल आणि सहीने पोहोचवील. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानाच्या वेळांवरील जुनी बंधनेही बहुतांशी सैल केली आहेत. नोकराच्या कामाचे तास व सुटी मात्र कायद्याप्रमाणे सांभाळलीच पाहिजे.

दिल्लीच्या चांदणी चौकाचा अनुभव

दिल्लीचा चांदणी चौक हा आपल्या बाजारांसारखाच जुना, दाट आणि घाऊक व्यापाराचा. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला करण्यात आला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळात तेथे मोटार-वाहनांना बंदी घालण्यात आली. माल रात्री आणि पहाटे यावा, दिवसा रस्ता पायी चालणाऱ्यांचा व सायकल रिक्षांचा असावा, अशी ही व्यवस्था. धंदा बुडेल, गाडीवाले गिऱ्हाईक येणार नाही, अशी धास्ती तेथील पुष्कळ व्यापाऱ्यांना होती.

पुढे काय झाले ते मनात ठेवण्यासारखे आहे. नंतरच्या वर्षांत बंदी ढिली पडली, दिवसाढवळ्या वाहने पुन्हा शिरू लागली, पदपथ अडले. आणि ही बंदी नीट पाळली जावी अशी तक्रार खुद्द तेथील व्यापारी संघटनांनीच केली. म्हणजे मोकळ्या रस्त्याची किंमत दुकानदारालाही कळली होती. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, गिऱ्हाईक गाडीने येत नाही, पायांनी येते. दुसरी, नुसत्या सरकारी हुकमावर उभी असलेली शिस्त टिकत नाही. तिच्यावर रोज नजर ठेवणारे बाजारातलेच लोक हवेत.

पहिली गोष्ट पटत नसेल तर रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या परिसरात जाऊन पाहावे. त्या गर्दीत मोटार शिरू शकत नाही, आणि तरीही वर्षातला मोठा धंदा त्याच रात्रींत होतो. मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड ही रेल्वे स्थानके बाजाराला लागूनच आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोची काळबादेवी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानकेही सुरू झाली. गिऱ्हाईक गाडीविना येऊ शकते. त्याला स्थानकापासून दुकानापर्यंत धक्के न खाता, धूर न गिळता चालता आले पाहिजे, एवढेच.

फेरीवाल्याला हटवू नका, कोपरा मोकळा करा

चौक मोकळा करा म्हटले की पहिला दांडा फेरीवाल्याच्या पाठीत बसतो. आम्हास हे मान्य नाही. फेरीवाला आणि हातगाडीवाला हेही या बाजाराचे भागीदार आहेत आणि २०१४च्या कायद्याने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. मात्र चौकाचा कोपरा, म्हणजे सिग्नलच्या रेषेपासून मागचे पन्नास पाऊल, ही जागा कोणाचीही नव्हे. तेथे ना दुकानाची वाढवलेली फळी असावी, ना गाडा, ना स्कूटर, ना टेम्पो. ज्या दुकानदाराने स्वतःचा माल फूटपाथवर मांडला आहे, त्याला फेरीवाल्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. गाडा पन्नास पावले मागे सरकला तर फेरीवाल्याचे गिऱ्हाईक जात नाही. तो हाकलला गेला तर त्याचे घर बसते.

हातगाडीबद्दलही गैरसमज आहे. ती हळू चालते हे खरे, पण तिला धूर नाही आणि अरुंद गल्लीत ती जे काम करते ते टेम्पो करू शकत नाही. टेम्पोने माल मोठ्या रस्त्यावरच्या आखलेल्या जागेत उतरवावा आणि तेथून हातगाडीने गल्लीत न्यावा, हीच शहाणपणाची वाटणी आहे. नवी गाडी घेणाऱ्यांनी डिझेलऐवजी सीएनजी किंवा विजेवर चालणाऱ्या तीनचाकी मालगाडीचा हिशेब जरूर करून पाहावा. रोजचे ठरावीक अंतर आणि वारंवार थांबणे असलेल्या कामाला ती सोयीची पडते. आणि जुनी गाडी असेल तर निदान माल उतरेपर्यंत व मोठ्या सिग्नलवर इंजिन बंद ठेवावे. या सवयीला एक पैसाही लागत नाही.

काय मागावे

आपला हिस्सा उचलल्यावर मागण्या ठामपणे मांडता येतील. प्रत्येक चौकाच्या अलीकडे, तोंडापासून दूर, माल उतरवण्याची जागा रंगाने आखून द्यावी आणि तेथे खासगी मोटार उभी राहू देऊ नये. सिग्नलच्या वेळा सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेगळ्या असाव्यात आणि चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला पुरेसे सेकंद मिळावेत. फूटपाथ सलग व सपाट करावा. पुलाखालच्या रस्त्यावरील हवेची मोजणी व्हावी आणि आकडे बाजारात लावावेत. रस्ता खोदण्यापूर्वी बाजाराला तारीख कळवावी. या मागण्या तोंडी नकोत. बाजाराच्या संघटनेने त्या लेखी, नकाशासह, बी आणि सी वॉर्डच्या कार्यालयांत व वाहतूक पोलिसांकडे द्याव्यात आणि पोच घ्यावी.

हे तातडीचे का आहे, तेही सांगतो. मुंबईचा कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळे व भाजीपाला यांचा घाऊक बाजार एके काळी मस्जिद बंदर, क्रॉफर्ड मार्केट व भायखळा या भागांत होता. शहराच्या दक्षिण टोकाला गर्दी आणि ट्रकांची कोंडी असह्य झाली, हे त्याच्या स्थलांतराचे एक मोठे कारण ठरले. आणि १९८० व १९९०च्या दशकांत हे बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी तेथे गाळे घेतले. हमाल, हातगाडीवाले, चहावाले, पोती शिवणारे आणि उधारीवर धंदा करणारे छोटे दुकानदार यांच्यापैकी कितीतरी जणांना बाजाराबरोबर जाता आले नाही.

उरलेल्या बाजारांबद्दल असा निर्णय पुन्हा होणार नाही असे कोणी समजू नये. कोंडी वाढत गेली की उपाय सुचविणारे पुष्कळ असतात आणि त्यांत बाजार हलवा हा उपाय सर्वांत सोपा वाटतो, कारण सांगणाऱ्याचे त्यात काही जात नाही. त्या दिवशी आमच्या हाती दाखवायला काहीतरी असले पाहिजे. एक चौक निवडावा. त्याच्या चारही बाजूंचे दुकानदार, टेम्पोवाले, हमालांचे प्रतिनिधी आणि फेरीवाले यांची एक बैठक घ्यावी. माल उतरवण्याच्या वेळा व जागा ठरवाव्यात, त्याचा कागद प्रत्येक दुकानात लावावा आणि दोन माणसांना देखरेखीसाठी नेमावे. तीन महिने हे चालवून, आधीच्या व नंतरच्या टेम्पोच्या फेऱ्या मोजून ठेवाव्यात. तो कागद आणि ते आकडे घेऊन बाजाराचे लोक वॉर्ड ऑफिसात गेले, तर त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागेल.